घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवता येतं का?

ऑगस्ट २०२१ मधली एक बातमी अनेकांना आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चोवीस वर्षांच्या तरुणानं स्वतःच्या हातानं एक माणूस बसेल एवढं हेलिकॉप्टर बनवलं होतं. शाळा आठवीत सुटलेली, पण वेल्डिंगमध्ये हात बसलेला. मारुती ८०० चं इंजिन, पत्रा, पाइप आणि व्हिडिओ बघून मिळवलेलं ज्ञान एवढ्या भांडवलावर त्यानं ते उभं केलं. रात्री चाचणी घेताना शेपटीचं छोटं पातं तुटलं, वरच्या मोठ्या पात्यांवर जाऊन आदळलं आणि मोठं पातं त्याच्या डोक्याला लागलं. यंत्र तेव्हा जमिनीवरच होतं.

पुढचे काही दिवस मोबाइलवर दोन तऱ्हेची मतं फिरत राहिली. एक म्हणजे, ‘काय हुशार पोरगा होता, परदेशात असता तर डोक्यावर घेतला असता.’ दुसरं, ‘आठवी शिकलेला माणूस हेलिकॉप्टर बनवायला जातो म्हणजे काय!’ मला दोन्ही पटली नाहीत. इंजिनिअर नसलेली माणसंही जगात कित्येक वर्षं आपापल्या गॅरेजमध्ये हेलिकॉप्टरं बनवताहेत आणि ती उडताहेत. त्या गॅरेजात आणि आपल्याकडच्या शेडमध्ये फरक नेमका कुठे आहे, हे कळायचं तर आधी हे यंत्र चालतं कसं ते बघायला हवं. थोडं गणित येईल, पण वाण्याच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

स्प्लेंडरएवढ्या वजनाचं हेलिकॉप्टर

‘अल्ट्रालाइट’ हा शब्द या विषयात सारखा भेटतो. त्याचा अर्थ एका अमेरिकन नियमात आहे. १९८२ साली तिथल्या विमान वाहतूक प्रशासनानं ठरवलं की एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन म्हणजे १९ लिटर, वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत आणि वापर फक्त हौसेसाठी, असं यंत्र असेल तर त्याची नोंदणी नको आणि चालवणाऱ्याला परवानाही नको. मात्र ते दाट वस्तीवरून उडवायचं नाही. आपली हिरो स्प्लेंडर ११२ किलोची असते. म्हणजे इंजिन, पाती, गिअर, शेपूट, पाय, बैठक असं सगळं मिळून एका स्प्लेंडरच्या वजनात बसवायचं.

हे बसतं. कॅनडात जन्मलेलं ‘मॉस्किटो’ नावाचं हेलिकॉप्टर बरोब्बर या चौकटीसाठी आखलेलं आहे: उघडा सांगाडा, मागे ६० हॉर्सपॉवरच्या आसपासचं दोन-स्ट्रोक इंजिन, वर साडेपाच मीटर व्यासाची दोन पाती. त्याच्या आधीही १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ॲडम्स-विल्सन यांचं ‘हॉबीकॉप्टर’ होतं, ज्याचे नकाशे विकत मिळत आणि ज्यात ट्रायम्फ मोटरसायकलचं इंजिन बसवलेलं असे. पुढे रोटरवे कंपनीचं ‘स्कॉर्पियन’ आलं.

इथे नकाशा आणि किट यांत गल्लत होऊ देऊ नका. किट म्हणजे कारखान्यातून आलेले तयार सुटे भाग. ते सांगितल्याप्रमाणे जोडायचे. नकाशावरून बनवणं म्हणजे हातात फक्त आराखड्यांचा गठ्ठा आणि सामानाची यादी. कोणत्या जातीचा पाइप, किती जाडीचा, कुठे किती त्रिज्येचा गोलावा हे कागदावर असतं, बाकी कापणं, घासणं, जोडणं सगळं आपलं. किट म्हणजे विकतचं पुरणपोळीचं पीठ आणि तयार पुरण. नकाशा म्हणजे आजीच्या अक्षरातली वही. वहीत ‘कणिक सैल भिजवावी’ एवढंच असतं, सैल म्हणजे किती ते हाताला ठाऊक असावं लागतं.

उचलायला किती ताकद लागते?

हेलिकॉप्टर हवा खाली ढकलतं म्हणून वर जातं. इथे एक सोयीची युक्ती आहे: थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा खूप हवा हळू ढकलली तर ताकद कमी लागते. म्हणून पाती लांब ठेवतात.

यंत्र ११५ किलो, माणूस ८५ किलो, इंधन १४ किलो धरा. एकूण २१४ किलो. पाती फिरताना साडेपाच मीटर व्यासाची जी चकती व्यापतात तिच्यातून एवढा भार तोलायचा तर हवेला चकतीपाशी सेकंदाला साधारण ६ मीटर वेग द्यावा लागतो. पाती अगदी आदर्श असती तर याला १७ हॉर्सपॉवर पुरली असती. खरी पाती हवेशी घासतात, टोकाशी भोवरे सोडतात, शेपूटही आपला वाटा घेतं, पट्ट्यात आणि गिअरमध्ये काही गळतं. सगळं धरून ३५ ते ४० हॉर्सपॉवर लागते, आणि ती फक्त एका जागी तरंगायला. वर चढायला शिल्लक हवी, म्हणून ६०.

मारुती ८०० चं इंजिन ३७ हॉर्सपॉवरच्या आसपासचं होतं. कारमध्ये ते चार माणसं घेऊन घाट चढायचं, पण कारचं इंजिन वजनदार असतं, कारण कारला ते वजन फारसं जाणवत नाही. इथे प्रत्येक जादा किलो उचलायलाही ताकद लागते आणि ती पुरवणारं इंजिन आणखी जड होतं. त्यात आपला उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात पारा ४४ वर जातो तेव्हा हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ असते. पात्यांना ढकलायला हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी.

तरीही मी म्हणेन की हा या विषयातला सोपा भाग आहे. पुरेसं हलकं यंत्र, पुरेसं इंजिन, पुरेशी मोठी पाती, की ते उचललं जाणारच. अंगणातलं वाळवण उडेल, पापड शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडतील आणि पोरं टाळ्या वाजवतील. व्हायरल व्हिडिओ इथेच संपतो.

मागे शेपूट कशाला?

बोअरमधल्या सबमर्सिबल मोटरीचं बटण दाबलं की वर पाइपाला पीळ पडल्यासारखा झटका बसतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मोटर पंख्याला एका दिशेनं फिरवते, तेव्हा पंखा मोटरीला उलट्या दिशेनं फिरवू बघतो. हेलिकॉप्टरात पाती एकीकडे फिरली की खालचं धड, बसलेल्या माणसासकट, दुसरीकडे फिरायला लागतं. ते थांबवायला लांब शेपटीच्या टोकाशी आडवा ढकलणारा छोटा पंखा लावतात आणि पायातल्या पेडलांनी त्याचा जोर कमी-जास्त करतात.

हा छोटा पंखा दिसायला किरकोळ, पण तो मुख्य पात्यांच्या चार-पाच पट वेगानं फिरतो आणि त्याच्यापर्यंत ताकद पोचवणारा शाफ्ट किंवा पट्टा सांगाड्याच्या सगळ्या थरथरीतून जातो. तो गेला तर हेलिकॉप्टर गरगर फिरू लागतं. आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल हे तर कुणाच्याच हातात नसतं.

फिरणारं पातं किती जोरानं ओढतं?

या भागावर जरा थांबू या, कारण इथली चूक जिवावर बेतते.

मॉस्किटोसारख्या यंत्राची पाती मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९. पात्याचं टोक तेव्हा ताशी ५६० किलोमीटर वेगानं पळत असतं. समजा एक पातं फक्त ५ किलोचं आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य आसापासून १.४ मीटरवर आहे. गोफणीतला दगड जसा बाहेर ओढतो तसं हे पातं बाहेर ओढतं, आणि त्याची ओढ येते २,२८० किलो वजनाइतकी. साडेतीन मारुती ८०० गाड्या त्या एका पात्याच्या मुळाशी असलेल्या बोल्टांना लटकवल्या आहेत असं समजा, आणि शेजारच्या पात्यालाही तेवढ्याच.

आता एका पात्याच्या टोकाला दुसऱ्यापेक्षा १० ग्रॅम वजन जास्त झालं असं धरा. दोन चमचे साखर. रंगाचा एक हात जास्त बसला तरी होईल एवढा फरक. त्यानं आसाला ९ किलोचा धक्का बसतो, तोही सेकंदाला ९ वेळा सगळ्या दिशांनी गोल फिरत. म्हणून पाती जोडीनं तोलावी लागतात: नुसतं वजन सारखं असून चालत नाही, वजनाचा मध्यही दोघांचा एकाच ठिकाणी हवा, लांबीतही आणि रुंदीतही. शिवाय दोन्ही पाती फिरताना एकाच पातळीत फिरतात का हे वेगळं तपासायचं. घरी बनवणारे अनुभवी लोक सांगाड्याला जेवढे दिवस देतात, तेवढाच जीव पात्यांवर ओततात.

आणि धातूची दमणूक. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. वाकवा-सरळ करा असं वीसदा केलं की तुकडा पडतो. तार दर वेळी सोसू शकत होती, बेरीज मात्र सोसू शकली नाही. शेपटीचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल तर एका तासात १ लाख ६२ हजार फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात पात्याच्या मुळावर ताण वाढतो-उतरतो. दहा तासांत सोळा लाख. पोलादाला निदान अशी एक पातळी असते की तिच्या खालचा ताण ते जवळपास कायम सोसतं. ॲल्युमिनियमला तशी पातळी नाही. ताण कमी असला तरी त्याचं आयुष्य मोजलेलंच असतं. म्हणून कारखान्यात बनलेल्या हेलिकॉप्टरांतही ठरावीक तास झाले की दिसायला धडधाकट भाग काढून फेकून देतात. भंगारातून भाग घेणाऱ्या माणसाला हे मनाविरुद्ध वाटतं, ते मला समजतं. पण भंगारातल्या भागानं आधी किती फेरे घेतलेत, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

‘आमचा वेल्डर कुणापेक्षा कमी आहे का?’

नाही. भोसरी किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतला चांगला टर्नर शंभरावा भाग मिलिमीटर बोटानं ओळखतो, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. कौशल्याचा प्रश्नच नाही. प्रश्न माहितीचा आहे, आणि ती हाताला दिसत नाही.

एक उदाहरण देतो. विमानांसाठी वापरतात ते ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. त्याला वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूची ती प्रक्रिया पुसली जाते आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. जोड सुंदर, माळेसारखा, कुठे भोक नाही, आणि तरीही दोन सेंटिमीटर बाजूला धातू मऊ पडलेला. डोळ्याला काहीच कळत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो तिथे वेल्डिंग करतच नाही, बोल्ट किंवा रिव्हेट मारतो. पोलादाच्या सांगाड्यासाठी क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेला खास पाइप वापरतात, गेटाचा चौकोनी पाइप नाही. बोल्टही हार्डवेअरच्या दुकानातले चालत नाहीत. तिथे आटे जिथे संपतात तिथूनच तुटायची सुरुवात होते, म्हणून आट्यांवर भार येणारच नाही अशा लांबीचे बोल्ट निवडतात आणि नट थरथरीनं सुटू नये म्हणून त्याला पिन किंवा तार घालतात.

चांगल्या नकाशांची किंमत असते ती याचसाठी. नकाशात दिसतात रेघा, पण प्रत्येक रेघेमागे कुणाचं तरी काहीतरी तुटलेलं असतं. ‘इथे ३ मिलिमीटरचा गोलावा ठेवावा’ असं लिहिलेलं असतं, कारण आधी तिथे काटकोन होता आणि तिथून तडा गेला. फोटो किंवा व्हिडिओ बघून आकार उतरवता येतो. तो गोलावा का आहे हे उतरवता येत नाही.

पुढे जायचं तर काय करायचं?

हेलिकॉप्टर पुढे निघालं की एक विचित्र गोष्ट होते. ताशी ८० किलोमीटरनं जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं धावतं, त्याच्या टोकाला ताशी ६४० चा वारा लागतो. दुसऱ्या बाजूचं मागे पळतं, त्याला ४८० चा. उचल वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे टोकाशी दोन बाजूंच्या उचलीत पावणेदोनपट फरक. पाती आसाला ताठ घट्ट बसवली असतील तर यंत्र सरळ कुशीवर पलटी होईल.

यावर उपाय स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी काढला. पाती ताठ ठेवू नका, मुळाशी बिजागरी द्या, म्हणजे जिथे उचल जास्त तिथे पातं आपोआप वर जाईल आणि जादा उचल तिथेच खर्ची पडेल. जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं ऑटोजायरो, म्हणजे वरची पाती इंजिनानं नाही तर वाऱ्यानं फिरणारं यंत्र, या कल्पनेवर उडालं. छोट्या हेलिकॉप्टरांत हीच बिजागरी बागेतल्या सी-सॉसारखी असते: दोन पाती एका दांडीवर, मधे खिळ, एक वर गेलं की दुसरं खाली.

चालकाच्या हातातला दांडा पात्यांना थेट वाकवत नाही. आसाभोवती एक तिरकी होणारी चकती असते. तिचा खालचा भाग स्थिर, वरचा पात्यांबरोबर फिरणारा. ती तिरकी केली की प्रत्येक पातं फिरता फिरता एका बाजूला जास्त वळतं, दुसऱ्या बाजूला कमी. यातही एक गंमत आहे. सायकलचं चाक काढून, आस दोन्ही हातांत धरून जोरात फिरवा आणि तिरपं करायला जा. तुम्ही ढकलाल एकीकडे आणि ते झुकेल काटकोनात दुसरीकडे. पात्यांचंही तसंच. पुढे झुकायचं असेल तर बदल पाव फेरा आधी द्यावा लागतो. हे ठाऊक नसताना जोडणी केली तर दांडा पुढे ढकलल्यावर हेलिकॉप्टर बाजूला कलंडेल, आणि चालकाला ते कळेपर्यंत पाती जमिनीला लागलेली असतील.

सी-सॉची एक खोडही आहे. वर जाताना अचानक दांडा पुढे लोटला तर रस्त्यावरच्या उंचवट्यावर पोटात गोळा येतो तसं क्षणभर वजन नाहीसं होतं. धड तेव्हा पात्यांना लटकलेलं राहत नाही, सी-सॉची दांडी आसावरच आपटते आणि आस तुटू शकतो. दोन पात्यांच्या कारखानी हेलिकॉप्टरांतही यानं अपघात झालेले आहेत, म्हणून चालकाला हे पहिल्याच काही धड्यांत शिकवतात. जो एकटाच शिकतोय त्याला हे सांगणार कोण?

‘इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येईल ना?’

बहुतेकांची ही भीती असते आणि ती अर्धीच खरी आहे. सह्याद्रीत हळदवेल किंवा माधवीलता नावाची वेल आहे. तिच्या बीला तीन पंख असतात. वाळलेलं बी वरून सोडा. ते दगडासारखं पडत नाही, गिरक्या घेत उतरतं. खालून येणारी हवाच त्याला फिरवते.

हेलिकॉप्टरालाही हे जमतं. इंजिन बंद पडलं की पाती इंजिनापासून सुटली पाहिजेत, त्यासाठी सायकलच्या फ्रीव्हीलसारखी सोय असते. पाय थांबले तरी चाक फिरत राहतं तशी. मग चालकानं डाव्या हातातला दुसरा दांडा लगेच खाली टाकून पात्यांचा कोन कमी करायचा. खाली उतरताना हवा पात्यांना फिरवत ठेवते आणि जमीन जवळ आली की त्या फिरण्यात साठलेली ताकद शेवटच्या क्षणी खर्च करून हळू टेकायचं.

‘लगेच’ म्हणजे किती लगेच? हलकी पाती लवकर मंदावतात. छोट्या हेलिकॉप्टरात सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात हात खाली गेला नाही तर पात्यांचा वेग जातो आणि एकदा गेला की परत येत नाही. शिवाय उंची किंवा पुढचा वेग यांपैकी एक तरी गाठीशी हवं. दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर एका जागी तरंगताना इंजिन गेलं तर पाती फिरवायला अवकाश नाही आणि पडायला उंची भरपूर. गावकऱ्यांना दाखवायला नवखा माणूस नेमका तिथेच तरंगतो.

हलकी दोन-स्ट्रोक इंजिनं तशी लहरीही असतात. जास्त तापलं, तेलाचं मिश्रण चुकलं की पिस्टन जागच्या जागी धरतो. ज्यांनी जुनी राजदूत चालवली आहे त्यांना हा अनुभव असेलच, फरक एवढाच की राजदूत रस्त्याच्या कडेला लावता यायची.

ड्रोन तर कॉलेजची पोरंही बनवतात!

बरोबर, आणि त्याला कारण आहे. ड्रोनच्या पंख्यांना बिजागऱ्या नाहीत, तिरकी चकती नाही, शेपूट नाही. चार छोटे पंखे, आणि कोणता किती वेगानं फिरवायचा हे चिप सेकंदाला शेकडो वेळा ठरवते. पंखा छोटा असला की वेग चटकन बदलता येतो. साडेपाच मीटरच्या पात्यांना तसं दचकवता येत नाही. म्हणून तिथे वेग कायम ठेवून कोन बदलावा लागतो आणि सगळा गुंता त्यातून येतो.

मग माणूस बसेल एवढा मोठा ड्रोन? तोही आलाय. स्वीडनमध्ये जन्मलेलं ‘जेटसन वन’ आठ विजेच्या मोटरींवर एका माणसाला उचलतं. पण छोटे पंखे म्हणजे थोडी हवा जोरात ढकलणं, म्हणजे ताकद जास्त. बॅटरी साधारण वीस मिनिटांत संपते. आणि पंखे छोटे असल्यानं हळदवेलीच्या बीसारखं उतरणं नाही. तरी घरगुती हौसेचा पुढचा रस्ता तिकडूनच जाईल असं मला वाटतं.

मधला एक पर्याय जायरोकॉप्टरचा. त्यात वरच्या पात्यांना इंजिन जोडलेलंच नसतं. मागचा पंखा ढकलतो आणि वरची पाती वाऱ्यानं फिरतात. इगोर बेन्सन यांनी १९५० च्या दशकात त्याचे नकाशे विकायला सुरुवात केली. ते एका जागी तरंगत नाही, एवढंच. अपघात त्यातही होतात, पण बनवायला ते कितीतरी सोपं.

कायद्याचं काय?

अमेरिकेतली ती बिनपरवान्याची सूट आपल्याकडे नाही. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. माणूस बसून उडणारं यंत्र असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे जावंच लागतं. ‘माझ्या शेतात, माझ्या डोक्यावर’ हा युक्तिवाद चालत नाही.

परवानगी अशक्य नाही, हे कांदिवलीच्या अमोल यादव यांनी दाखवलं. त्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं, २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उडवायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक, वर राज्य सरकारचं लक्ष. तरी एवढा काळ. खेड्यातल्या वेल्डरनं यातून काय अर्थ घ्यावा? तो रात्री, कुणाला न सांगता चाचणी घेईल, दुसरं काय.

अमेरिकेत नियम नुसते सैल आहेत असंही नाही. अल्ट्रालाइटहून मोठं यंत्र असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असावं लागतं, तपासणी होते, सुरुवातीचे तास ठरलेल्या भागातच उडवावं लागतं. पण त्याहून मोलाची वाटते ती तिथली एक साधी पद्धत. १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझनी यांनी घरी विमानं बनवणाऱ्यांची संघटना सुरू केली. तिचे अनुभवी सभासद फुकट तुमच्या गॅरेजमध्ये येतात, पत्रा ठोकून बंद करायच्या आधी आत डोकावतात आणि ‘हा बोल्ट काढ, हा इथे चालणार नाही’ असं तोंडावर सांगतात. ते सरकारी नसल्यामुळे त्यांच्यापासून काही लपवावंसं वाटत नाही. आपल्या शेडमध्ये मला नेमका हाच माणूस दिसत नाही. नकाशे मिळतील, खास पाइप मागवता येईल, इंजिनही येईल.

तरीही करून बघायचंच असेल तर

मग घाई सोडा आणि पाती आधी बनवा, सांगाडा नंतर. इगोर सिकॉर्स्की यांच्याकडे अख्खा कारखाना होता, तरी त्यांनी आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्यांदा उचललं ते दोरांनी जमिनीला बांधून. मोकळं उड्डाण झालं मे १९४० मध्ये. मधले आठ महिने ते थोडं उचलत होते, काय बिघडतंय ते बघत होते, खोलून बदलत होते.

घरी शेपटीच्या पंख्यापासून सुरुवात करता येईल. तो एकटा, वेगळ्या चौकटीवर, जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाला पक्का बांधायचा. भोवती छातीएवढ्या उंचीची वाळूच्या पोत्यांची भिंत, पंखा ज्या पातळीत फिरतो त्या रेषेत कुणीही नाही, चालू-बंद करायचं बटण लांब वायरीनं बाहेर. कामाच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगानं तो पन्नास तास चालवायचा. दर पाच तासांनी थांबवून मुळाशी तडे शोधायचे, त्यासाठी वर्कशॉपमध्ये मिळणारा लाल रंग आणि पांढरी पावडर पुरते. पन्नास तास म्हणजे ८१ लाखांहून जास्त फेरे. त्यात ते पातं तुटलं तर तुटू दे. समोर वाळू आहे, आणि खुर्चीत कुणी बसलेलं नाही.